हुकलेल्या संधीचा हिशेब

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून काढलेले)

आपल्या घरांतून हुकलेल्या संधीच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या बहुधा जमिनीच्या असतात. अमक्या साली हमरस्त्यालगतची जागा मातीमोल भावाने मिळत होती, आजोबांनी ती घेतली नाही आणि आज तेथे तीन मजली इमारत उभी आहे. ऐकणारे हळहळतात, चहा संपतो आणि गोष्टही संपते. त्या हळहळीने कोणाचे फारसे बिघडत नाही, कारण ती जागा आता कोणाच्या आवाक्यातच राहिलेली नसते.

आजच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी या गोष्टीची नवी आवृत्ती आहे. 'बिटकॉइन दोनशे डॉलरला मिळत होते तेव्हा बाबांनी दहा हजार रुपये टाकले असते तर...' हा तिचा एक प्रकार. 'टाळेबंदीत फिलिपिन्समधील मुले मोबाईलवर खेळ खेळून घर चालवीत होती आणि आम्ही तेवढाच वेळ फुकट खेळण्यात घालविला' हा दुसरा. ही हळहळ मात्र चहाबरोबर संपत नाही. ती मुलाला रात्री जागविते आणि चुकलेली गाडी पुढच्या स्टेशनवर गाठण्याच्या नादात तो परीक्षा शुल्काचे पैसे अशा एखाद्या नाण्यात टाकतो, की ज्याचे नाव महिन्यापूर्वी त्याने ऐकलेही नव्हते. मी वाणिज्य शिकवितो. तेव्हा या हळहळीची खातेवही उघडून तिच्यातील जमा आणि खर्च तपासून पाहावेत, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे. तुम्हीही हाती पेन्सिल घेऊन वाचावे.

आरंभीची हकीकत थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणी एक निबंध प्रसिद्ध केला आणि जानेवारी २००९ मध्ये त्यानुसार बिटकॉइनची नोंदवही सुरू झाली. या चलनामागे सरकार नाही, बँक नाही. जगभरच्या संगणकांवर एकच वही ठेवलेली असते आणि पुढचे पान जोडण्याचा मान ज्याच्या संगणकाला मिळेल त्याला नवी नाणी मिळतात. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील फ्लोरिडात एका प्रोग्रामरने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. नोव्हेंबर २०२१ च्या भावाने त्याची किंमत सुमारे ६९ कोटी डॉलर होते. ही गोष्ट तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल. परंतु त्या गृहस्थाने पुढे मुलाखतींतून आपल्याला खंत वाटत नाही असे सांगितले, हा भाग फारसा सांगितला जात नाही. त्याने ती नाणी स्वतःच्या संगणकावर मिळविली होती आणि तोपर्यंत त्यांनी कोणी खाण्याची वस्तू विकत घेतल्याचे ऐकिवात नव्हते. त्या दिवशी त्याच्या दृष्टीने फायदा त्याचाच झाला होता.

आता आपल्या 'बाबांचा' हिशेब पाहू. जानेवारी २०१५ मध्ये बिटकॉइन दोनशे डॉलरच्या आसपास होते आणि डॉलर सुमारे ६२ रुपयांना. दहा हजार रुपयांत ०.८ बिटकॉइन आले असते. मुलगा येथून थेट २०२१ च्या नोव्हेंबरवर उडी मारतो आणि म्हणतो, 'चाळीस लाख झाले असते.' गुणाकार बरोबर आहे. परंतु मधली सात वर्षे त्याने एका उडीत ओलांडली आहेत आणि बाबांना ती एकेक दिवस करून काढावयाची होती.

मे २०१७ मध्ये भाव दोन हजार डॉलरवर गेला. बाबांच्या दहा हजारांचे एक लाख झाले. तुमच्या घरातील कोणता माणूस दहापट झालेले पैसे तसेच राहू देईल? छप्पर गळत असेल, मोठ्या बहिणीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरावयाची असेल. ते विकतील आणि शहाणे ठरतील. समजा नाही विकले. डिसेंबर २०१७ मध्ये भाव वीस हजार डॉलरच्या जवळ पोचला. बाबांपाशी जवळजवळ दहा लाख रुपये झाले. तरीही विकले नाहीत असे धरू. एका वर्षानंतर, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याच नाण्यांचे सुमारे एक लाख ऐंशी हजार उरले होते. दहा लाखांचे पावणेदोन! त्या वर्षी या घरात रात्रीच्या जेवणाच्या वेळी काय बोलणे झाले असते, याची कल्पना पालकांनी करावी.

याच काळात, एप्रिल २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना अशा चलनाच्या व्यवहारांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. नाणी होती, पण त्यांचे रुपये करून बँकेच्या खात्यात आणण्याचा सरळ मार्ग बंद झाला. हे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. लोकांनी सुटकेचा श्वास घेतला, तो पुढच्या आठवड्यातच १२ मार्च रोजी करोनाच्या धास्तीने बिटकॉइन एका दिवसात एक-तृतीयांशाहून अधिक कोसळले. बाबांचे तीन लाख. मग कोठे नोव्हेंबर २०२१ चे चाळीस लाख येतात. आणि पाठोपाठ नोव्हेंबर २०२२ चे दहा लाख.

म्हणजे मुलगा ज्या चाळीस लाखांसाठी हळहळतो ते मिळविण्यास दहा हजार रुपये पुरेसे नव्हते. दहापट आणि शंभरपट नफ्याकडे पाठ फिरविणे, चार-पंचमांश बुडाल्यावरही गप्प राहणे, बँकांनी दार लावले तरी न घाबरणे आणि शेवटी नेमक्या त्याच महिन्यात विकणे, एवढे सगळे एकाच माणसाला साधावयास हवे होते. असा माणूस माझ्या ओळखीत नाही. तुमच्या ओळखीत असल्यास तो बहुधा काही न करता बसला असेल, किंवा त्याला आपला पासवर्ड आठवत नसेल. वेल्समधील न्यूपोर्टच्या एका गृहस्थाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. नगरपालिकेच्या कचरा डेपोत ती शोधू द्यावी म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. विकत घेण्याइतकेच सांभाळणेही अवघड होते, हे त्यावरून ध्यानी यावे.

याहून बोधप्रद उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील आहे. 'गेनबिटकॉइन' नावाची योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली. तुमची बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने परतावा देऊ, असे तिचे आश्वासन होते. आरंभी परतावा बिटकॉइनमध्येच मिळाला. २०१७ मध्ये मात्र बिटकॉइनऐवजी योजनेचे स्वतःचेच एक हलके नाणे गुंतवणूकदारांच्या हाती ठेवले जाऊ लागले. पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधारास अटक केली. वाचकहो, या लोकांची संधी हुकलेली नव्हती! भाव काही शे डॉलर असताना त्यांनी खरीखुरी बिटकॉइन घेतली होती. ती नुसती कागदाच्या चिटोऱ्यावर किल्ली लिहून कपाटात ठेवली असती तरी पुरे होते. दरमहा दहा टक्क्यांसाठी त्यांनी ती स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिली. हळहळण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो यांना आहे, आणि मेळाव्यात त्यांच्यापैकी कोणी उभे राहून बोलत नाही.

आता खेळाकडे वळतो. विद्यार्थ्यांचे खरे कुतूहल येथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

'ॲक्सी इन्फिनिटी' हा खेळ व्हिएतनाममधील हो चि मिन्ह सिटी येथील 'स्काय मेव्हिस' या कंपनीचा, २०१८ साली सुरू झालेला. ॲक्सी म्हणजे गुबगुबीत काल्पनिक प्राणी. खेळावयाचे तर असे तीन प्राणी आधी विकत घ्यावे लागत. लढाया जिंकल्या की बक्षीस म्हणून एक नाणे मिळे; त्याचे लांबलचक इंग्रजी नाव बाजूस ठेवून सगळे त्यास एसएलपी म्हणत. हे नाणे बाजारात विकून देशी पैसे करता येत. टाळेबंदीत रोजगार बुडालेल्या फिलिपिन्समध्ये हा खेळ वणव्यासारखा पसरला. कबानातुआन या शहरातील रिक्षावाले, दुकानदार, घर सांभाळणाऱ्या आजी खेळून कमावीत असल्याचा माहितीपट मे २०२१ मध्ये जगभर पाहिला गेला आणि ती दृश्ये खोटी नव्हती. जुलै २०२१ मध्ये एका एसएलपीचा भाव पस्तीस सेंटांच्या आसपास होता. समजा खेळाडूने दिवसाला शंभर नाणी मिळविली, तर ते पस्तीस डॉलर झाले. त्या देशातील साध्या मजुराला इतकी रोजी स्वप्नातही मिळत नव्हती. ऑगस्टमध्ये तेथील अर्थ खात्याने या कमाईवर प्राप्तिकर लागू होतो असे सांगितले, इतकी ती डोळ्यांत भरणारी होती.

भाव चढला तसे प्राणीही महागले आणि तिघांची टोळी घेणे गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले. मग एक नवी पद्धत निघाली. पैसेवाल्याने टोळ्या विकत घ्यावयाच्या, त्या गरजू मुलांना खेळण्यास द्यावयाच्या आणि कमाईत वाटा घ्यावयाचा. आपल्याकडे बटाईने जमीन कसावयास देतात, तोच व्यवहार. मालकाला तेथे 'मॅनेजर' म्हणत आणि खेळणाऱ्या कुळाला चक्क 'स्कॉलर', म्हणजे शिष्यवृत्तीधारक! आपल्या संस्थेच्या दफ्तरात शिष्यवृत्तीचा अर्थ काय आहे हे तुम्ही जाणता. विद्यार्थ्याकडून रोजच्या नाण्यांचा वाटा मागणारी शिष्यवृत्ती मी तरी प्रथमच ऐकली.

प्रश्न असा आहे की पस्तीस डॉलर येत कोठून होते? वाणिज्याच्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि हळहळणारा नेमका तोच विचारीत नाही. खेळ पाहण्यास कोणी तिकीट काढीत नव्हते. खेळाडूंनी शेत पिकविले नव्हते की कापड विणले नव्हते. एसएलपीचा मुख्य उपयोग एकच होता: दोन ॲक्सींपासून नवा ॲक्सी पैदा करताना ती खर्ची पडत. नवा ॲक्सी कोणाला हवा असे? नव्याने खेळू इच्छिणाऱ्याला. म्हणजे जुन्या खेळाडूची रोजी नव्या खेळाडूच्या प्रवेशमूल्यातून निघत होती. नवे येत राहिले तोवर सारे सुखाने चालले. ॲक्सी मरत नसे, म्हातारा होत नसे. एकेकापासून सात वेळा पैदास होई. अशा बाजारात माल वाढतच जाणार आणि गिऱ्हाईक कधी ना कधी संपणार, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही; गुरांच्या बाजारातील कोणताही दलाल सांगेल.

तसेच घडले. फेब्रुवारी २०२२ च्या आरंभी एसएलपी एका सेंटाच्या घरात आले. पस्तीस डॉलरचा दिवस एक डॉलरचा झाला. कंपनीने त्याच महिन्यात काही प्रकारच्या खेळांवरील बक्षीस बंदच केले, कारण रोज जितकी नाणी पाडली जात त्या मानाने फारच थोडी खर्ची पडत होती. उन्हाळ्यापर्यंत भाव अर्ध्या सेंटाच्याही खाली गेला. खेळाचे दुसरे नाणे, एएक्सएस, नोव्हेंबर २०२१ मध्ये १६० डॉलरच्या वर होते. २०२२ च्या अखेरीस त्याला दहा डॉलरही मिळत नव्हते.

मधल्या काळात आणखी एक संकट आले. खेळातील पैसा इथर या चलनात आणण्या-नेण्यासाठी 'रोनिन' नावाचा पूल होता. त्याला नऊ किल्ल्या होत्या आणि नवांपैकी पाच जुळल्या की तिजोरी उघडत असे. २३ मार्च २०२२ रोजी चोरांनी पाच किल्ल्या हस्तगत करून १,७३,६०० इथर आणि अडीच कोटींहून अधिक डॉलरची दुसरी नाणी नेली. एकंदर रक्कम साठ कोटी डॉलरच्या वर. सहा दिवस कोणास पत्ता नव्हता! एका ग्राहकाला पैसे काढता येईनात तेव्हा चोरी उघडकीस आली. अमेरिकेच्या एफबीआयने पुढे हे कृत्य उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीचे असल्याचे जाहीर केले. कंपनीने नवे भांडवल उभारून जूनच्या अखेरीस पूल पुन्हा सुरू केला आणि ग्राहकांची भरपाई केली, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मात्र भरपाई इथरच्या नगात होती आणि तीन महिन्यांत इथरचा भाव निम्म्याहूनही खाली आला होता.

या खेळात कोणी कमावले? ज्यांनी २०२० मध्ये स्वस्तात टोळ्या घेतल्या आणि २०२१ च्या उन्हाळ्यात विकल्या त्यांनी. त्यांना पैसे कोणी दिले? ज्यांनी त्या उन्हाळ्यात, माहितीपट पाहून, उसनवारी करून, 'आपली गाडी चुकता कामा नये' म्हणून घेतल्या त्यांनी. म्हणून मला माझ्या विद्यार्थ्याला सांगावेसे वाटते: तू ज्या दिवशी ही बातमी ऐकलीस तो दिवस पहा. वर्तमानपत्रात आणि मित्रांच्या गप्पांत गोष्ट आली तेव्हा विकणाऱ्यांना गिऱ्हाईक हवे होते. तुझ्या हातून जे निसटले असे तुला वाटते ते बहुधा पस्तीस डॉलरची रोजी नव्हतेच. ती रोजी पुरविणाऱ्याची जागा होती.

बिटकॉइनविषयी मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. ते शून्यावर येणार असे २०११ पासून दर पडझडीला सांगितले गेले आणि दर वेळी ते पुन्हा उठले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने सव्वा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. आपल्या काल्पनिक बाबांचे ०.८ बिटकॉइन तेव्हा नव्वद लाखांच्या जवळ असते. ज्यांनी अभ्यास करून, झेपेल एवढ्याच पैशाने, दहा वर्षे ते धरून ठेवले त्यांना नशीबवान म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच एका नाण्याची कीर्ती सांगून हजारो दुसरी नाणी विकली गेली. मे २०२२ मध्ये टेरा आणि लुना ही जोडी काही दिवसांत कोसळून अब्जावधी डॉलर बुडाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हा जगातील मोठ्या बाजारांपैकी एक दिवाळखोरीत गेला आणि त्याच्या संस्थापकास मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्या देशात जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या बाजारातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीस गेली आणि वर्षाहून अधिक काळ ग्राहकांचे हात बांधलेले राहिले. तेथे ठेवलेले नाणे चांगले असूनही विकता येत नव्हते.

राहिला कायदा. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट तीस टक्के कर बसविला, त्याच वर्षी १ जुलैपासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का आधीच कापून घेण्याची तरतूद आली. यातील एक कलम विद्यार्थ्यांच्या नजरेतून नेहमी सुटते. एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. तुम्हाला एका नाण्यात एक लाख मिळाले आणि दुसऱ्यात एक लाख गेले, तर घरी काहीच आले नाही. तरी सरकारला तीस हजार आणि त्यावरील उपकर देणे आहे. दुकानदाराचा हिशेब असा नसतो, हे घरी दुकान असलेल्या मुलांनी वडिलांना विचारून पहावे. शिवाय आयकराच्या विवरणपत्रात आता आभासी डिजिटल मालमत्तेचा स्वतंत्र तक्ता आहे आणि तो प्रत्येक व्यवहाराची खरेदी-विक्रीची तारीख व किंमत मागतो. मोबाईलमधून ॲप काढून टाकले की व्यवहार नाहीसा होतो, अशी काही मुलांची समजूत दिसते. एक टक्का कापल्याची नोंद तोपर्यंत खात्याकडे गेलेली असते.

ज्यांचे पैसे आजच एखाद्या अनोळखी ॲपमध्ये अडकले आहेत आणि ते काढण्यासाठी आणखी 'शुल्क' मागितले जात आहे, त्यांनी ते शुल्क भरू नये. संदेश, खाते क्रमांक आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते अडविता आले तर पहिल्या काही तासांतच येतात. घरी रागावतील या भीतीने मुले हे तास दवडतात. पालकांनी त्या रात्री आधी फोन करावा आणि काय बोलावयाचे ते दुसऱ्या दिवशी बोलावे.